चहापुरतं पाणी

कांदेबाई रस्त्याने येऊ लागल्या की आधी दिसायची त्यांची पिशवी, मग छत्री, आणि सगळ्यांत शेवटी, नाटकात नायिकेने यावं तशा, खुद्द बाई. पिशवीला माती, चपलांना माती, पदराच्या टोकालाही माती. चेहऱ्यावर मात्र असं तेज, की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना आज खजिना सापडला!

आणि बहुतेक वेळा तो सापडलेलाच असायचा. फक्त इतरांना तो कांद्यासारखा दिसायचा.

त्यांचं खरं नाव कॉलेजच्या दप्तरात होतं; शहराने ते कधी वापरलं नाही. बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचा सगळा जीव रानातल्या कंदांत गुंतलेला. जमिनीखाली इवलासा कांदा, वर चार पाती, वर्षातून एकदा फुलांचा दांडा आणि मग महिनोन् महिने जमिनीच्या वर काही नाही, अशी ही झाडं. "मोठी गुणी मंडळी," बाई वर्गात सांगायच्या. "आपला प्रवेश आला की यायचं, काम चोख करायचं आणि टाळ्यांसाठी न थांबता आत जायचं."

घर शिंप्याच्या दुकानावर होतं आणि शिंपी म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. "आमच्या घरात दोन मास्तर," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "एक शिकवणारी, एक शिवणारा. कमाई सारखीच, पण बोलणं तिचं जास्त."

स्वयंपाकघरात टोपल्या दोन. एकीत खायचे कांदे, दुसरीत रानचे. त्यांतले काही विषारी, म्हणून मास्तरांनी दुसऱ्या टोपलीवर लाल दोऱ्याने भरतकाम केलेलं झाकण घातलं होतं: 'विचारल्याशिवाय चिरू नये.' मास्तरांची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ती आली की झाकण उचलून म्हणायची, "वहिनी, लोकांच्या घरात दागिन्यांना कुलूप असतं. तुझ्याकडे कांद्यांना!"

"वन्सं, दागिने परत घडवता येतात," बाई म्हणायच्या.

तर अशा या बाईंनी एक दिवस बसडेपोमागच्या टेकडीवर, खडकाच्या चिरेत, एक रानकांदा पाहिला. तशी जात ओळखीची. शहराभोवती सगळीकडे उगवणारी, पांढऱ्या फुलांची, पहाटे उमलून ऊन चढलं की मिटणारी. पण बाई तिथे पोचल्या त्या भर दुपारी, आणि हा पठ्ठ्या तेव्हा कुठे डोळे उघडत होता. पाती दोऱ्यासारखी बारीक. फुलावर एक चिमुकली काळी माशी, जी बाईंनी पहाटेच्या फुलांवर कधीच पाहिली नव्हती. बाई तिथेच खडकावर बसल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या, त्याच्या पुढच्या मोसमातही गेल्या. टेकडीवरचे सगळे कांदे दुपारीच उमलत होते.

"ही वेगळी जात आहे," त्या घरी येऊन म्हणाल्या. "आजवर कुणी नाव न दिलेली."

असं नुसतं म्हणून चालत नाही. रानकांद्यांच्या जाती कोणत्या नि किती, हे ठरवणारा एक मोठा ग्रंथ तेव्हा तयार होत होता आणि तो लिहीत होते दूरच्या एका संस्थेतले मोठे डॉक्टर. नाडी बघणारे नव्हेत, झाडांचे डॉक्टर. माणूस कडक पण सरळ. बाईंनी त्यांना फोन केला.

"बाई, खडकावर माती कमी, म्हणून पाती बारीक," ते म्हणाले. "ऊन उशिरा येतं, म्हणून फूल उशिरा. जागा बदलली की झाड वेश बदलतं. पात्र तेच असतं. गुणसूत्रं मोजलीत?"

खरी मेख तिथे होती. झाडाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं म्हणून बारीक धागे असतात आणि एका जातीत त्यांची संख्या सहसा ठरलेली असते. नेहमीच्या रानकांद्यात ती बारा. पेशी दुभंगायच्या बेतात असते तेव्हाच हे धागे नीट दिसतात आणि त्यासाठी वाढत्या मुळाचं ताजं टोक लागतं. तांदळाच्या कणीएवढं ते टोक रंगात मुरवायचं, काचेवर ठेवायचं, वर पातळ काच, वर टिपकागद आणि मग अंगठ्याने दाबायचं. अंगठा जरा सरकला की धाग्यांचा गुंता.

मास्तरांना हे पटकन समजलं. "म्हणजे कापड वरून सारखं दिसलं, तरी धागे मोजले की गिरणी कळते."

"तस्संच!"

बाईंनी टेकडीवरच्या कांद्याची मुळं एकदा तपासली होती. एका पेशीत दहा धागे वाटले, दुसरीत बारा, तिसरीत नुसती खिचडी. दुसरी एखादी 'दहा' सांगून मोकळी झाली असती. बाईंनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "खात्री नाही. पुढच्या मोसमात ताजी मुळं घेऊन सांगते."

त्या मोसमाच्या शेवटी, मुळांची वाढ थांबली होती पण फुलं अजून होती तेव्हा, बाई मास्तरांना घेऊन टेकडीवर गेल्या. कॉलेजच्या संग्रहासाठी एक पूर्ण नमुना हवा होता. कांदा, पाती, फुलं, सगळं कागदांत दाबून वाळवलेलं. एकच घ्यायचा, बाकीचे जागच्या जागी सोडायचे, हा बाईंचा दंडक. आता, कंद वाळवण्यात एक गोम असते. नुसता दाबला तर तो मरत नाही. पोटात शिदोरी बांधून बसलेला जीव तो. कागदातही तग धरतो. म्हणून त्याला आधी उकळत्या पाण्यात बुडवतात. ते काम मास्तरांकडे होतं. त्यांनी खडकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं, कांदा बुडवला. घरी आल्यावर वाळलेला नमुना जाड कागदावर टाके घालून बसवला तोही त्यांनीच. असे शेकडो नमुने त्यांच्या हातचे होते. कॉलेजात म्हणत, असे टाके कोटालासुद्धा मिळत नाहीत.

आणि मग, पुढचा मोसम येण्याआधी, टेकडी गेली.

रस्ता रुंद करायला खडी हवी होती. सुरुंग लागले, यंत्रं आली. बाई रोज डेपोमागे जाऊन ढिगारे उपसत राहिल्या. मजूर विचारायचे, "काय हरवलं, बाई?" बाई म्हणायच्या, "कांदा." ते बिचारे आपल्या डब्यातला काढून द्यायचे. आजूबाजूच्या टेकड्याही बाईंनी पायाखाली घातल्या. सगळीकडे पहाटेवालेच.

वाळलेल्या नमुन्यातून धागे मोजता येत नाहीत. मेलेली पेशी दुभंगत नाही. म्हणजे पुरावा संपला आणि पुराव्यासोबत ती जातही.

बाई कुणासमोर रडल्या नाहीत. फक्त वर्गात शिकवताना मध्येच थांबून खिडकीबाहेर पाहायच्या, आणि पोरं, एरवी कागदी बाण सोडणारी, गप्प बसायची.

नंतर आलं निवृत्तीचं वर्ष. संग्रहाची कपाटं नव्या माणसाच्या हवाली करायची होती, म्हणून बाई एकेक नमुना काढून झटकत होत्या. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात भरलेला. टेकडीवरच्या कांद्याचा कागद हाती आला आणि बाईंना वाटलं, याला फुगवटा कसला?

वरचं आवरण उचललं. कांद्यातून पांढराफटक कोंब निघाला होता. आंधळ्यासारखा चाचपडत, मास्तरांच्या टाक्याखालून वाट काढत, कागदाच्या कडेपर्यंत पोचला होता. तळाशी मुळांची तीन बारीक टोकं.

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर धावत आले. त्यांनी पाहिलं तर बाई एका वाळक्या कांद्याला सांगत होत्या, "अरे लबाडा!"

कांदा कुंडीत घालून त्या घरी आल्या आणि तडक दुकानात गेल्या. मास्तर मापं घेत होते.

"अहो, त्या दिवशी टेकडीवर पाणी उकळलं होतं ना?"

"उकळलं होतं की!"

"आणि कांदा बुडवलात?"

"बुडवला की!"

"उकळत्या पाण्यात?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, पुन्हा घातली. गिऱ्हाईक उगाच अवघडलं.

"त्याचं असं झालं," मास्तर म्हणाले, "पाणी उकळलं, तेव्हा तू म्हणालीस, घसा कोरडा पडलाय. म्हणून त्याचा आधी चहा केला. मग भांड्यात गार पाणी घातलं, आणि तेवढ्यात स्टोव्हचं रॉकेल संपलं. कोमट होतं गं. बऱ्यापैकी कोमट."

"म्हणजे तुम्ही कांद्याला आंघोळ घातलीत!"

"आणि टाकेही सैल घातले," मास्तर आणखी खाली मान घालून म्हणाले. "सवयच आहे. शिवताना थोडी माया ठेवतो."

बाईंनी त्या गिऱ्हाइकासमोर, भर दुकानात, मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. त्या गिऱ्हाइकाने ही गोष्ट पुढे साऱ्या शहराला सांगितली.

पण खरा पेच पुढेच होता. बाईंनी डॉक्टरांना फोनवर सगळं कळवलं. मग ते म्हणाले, "बाई, ग्रंथ छापायला निघालाय. फार तर महिनाभर थांबवतो. मुळं कापा, धागे मोजा, मला चित्र पाठवा. जात वेगळी निघाली तर तुमच्या नावाने ग्रंथात घेतो."

मुळं तीनच. उपाशी राहून अर्धा झालेला कांदा. एका टोकात काम भागेल याची खात्री नाही. मागच्या वेळी कितीतरी वाया गेली होती. तिन्ही कापली तर त्याने पाणी कशाने प्यायचं? जगात उरलेला हा एवढा एकच.

रात्रीच्या जेवणाला नणंद होती. ती कळवळून म्हणाली, "वहिनी, कशाचा विचार करतेस? सगळा जन्म तू यासाठी उन्हात काढलास. नाव होईल तुझं! काप आणि मोकळी हो!"

बाईंनी ताटातली चटणी बोटाने सारखी केली. "वन्सं, आधी पोर जगू दे. नाव काय, नंतरही ठेवता येतं."

"आणि नाही जगलं तर?"

"तर निनावी जाईल. पण माझ्या हातून जाणार नाही."

मास्तरांनी बायकोच्या ताटात आपल्या वाटणीचा पापड ठेवला.

ग्रंथ निघाला. डॉक्टरांनी एक प्रत बाईंना पाठवली. टेकडीवरच्या कांद्याबद्दल त्यात एकच ओळ होती: नेहमीच्याच जातीचं खडकाळ जागेतलं रूप. बाईंनी ती ओळ वाचली, ग्रंथ फडताळात ठेवला आणि गॅलरीत जाऊन कुंडीतला खडा सरळ केला. दुखलं नाही असं कसं म्हणावं? त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

कांद्याने पाती काढली, दोऱ्यासारखी. फूल नाही. मग पाती पिवळी पडली, वाळली, गेली. उरली नुसती कोरडी कुंडी. नणंदेने त्यात तुळशीचं रोप लावायला खुरपं उचललं, तेव्हा मास्तर दुकानातून कात्री घेऊन जिना चढून आले होते म्हणे! तेव्हापासून त्या कुंडीवरही लाल दोऱ्याचं भरतकाम आलं: 'आत कुणी झोपलं आहे.'

हवा पालटली तशी बाईंनी एका सकाळी कुंडीला पाणी घातलं. आठवडा गेला. काही नाही. दुसराही कोरडा गेला. आणि मग मातीला तडा गेला, एक हिरवी सुई वर आली आणि तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दुसरी.

पिल्लू! कांद्याला पिल्लू झालं होतं.

बाईंनी माती हळूच बाजूला केली. दोघांनाही मुळांचे झुपके. त्यांनी थोरल्याची चार टोकं घेतली, बाकीची झाकली. जुन्या प्रयोगशाळेत नव्या सरांनी सूक्ष्मदर्शकाची जागा मोकळी करून दिली. टिपकागदावर बाईंचा अंगठा टेकला. सरळ खाली गेला, सरळ वर आला.

मग त्या खूप वेळ डोळा लावून बसल्या. धागे सुटेसुटे पसरले होते, कुणी हळुवार हाताने मांडून ठेवावेत तसे. दुसऱ्या पेशीत तेच. तिसरीतही.

"या," त्यांनी मास्तरांना खूण केली. "धागे मोजणं तुमचं काम."

मास्तरांनी चष्मा वर सारला, ओठ हलवत मोजलं, पुन्हा मोजलं. "दहा," ते म्हणाले. "बाईसाहेब, गिरणी वेगळी आहे!"

मोठे डॉक्टर स्वतः आले. जिना चढताना त्यांना धाप लागली. नणंदेने त्यांना पाणी दिलं आणि लगेच गुडघेदुखीवर औषधही विचारलं. त्यांनी काचा पाहिल्या. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसले, कारण दांड्यावर एक कळी होती. सकाळ गेली. भर दुपार झाली तशी ती उमलली. डॉक्टर फुलाजवळ इतके वाकले, की बाईंना वाटलं, आता नाक घालतात.

"मी पुरावा मागितला होता," ते सरळ होत म्हणाले, "आणि तुम्ही तो घेऊन आलात. मुळं तेव्हाच कापली असती तर ग्रंथात जात आली असती आणि जगातून गेली असती. आता मला माझी ओळ खोडायचीय, आणि बाई, आनंदाने खोडणार. नाव काय द्यायचं?"

नणंद म्हणाली, दादाचं द्या. मास्तर म्हणाले, छे, छे! बाईंचं ठरलेलं होतं. "'दुपारी उमलणारा'. हीच त्याची ओळख. ती आधीपासून त्याचीच होती."

"मग एक काम राहिलं," डॉक्टर म्हणाले. "नाव द्यायचं तर संग्रहात मूळ नमुना लागतो. वाळवलेला." त्यांची नजर कुंडीकडे गेली आणि मग, भला माणूस, त्यांनी ती वळवली.

बाईंनी टेकडीवरचा तो जुना कागद आणला. वाळलेली फुलं होती, पाती होती, आणि तळाशी, जिथे कांदा असायचा, तिथे मास्तरांचे सैल टाके आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा.

"हाच नमुना," त्या म्हणाल्या. "या जागेपाशी लिहा, कंद जिवंत आहे."

डॉक्टरांनी पेन काढलं आणि तिथे तसं लिहिलं.

मास्तर स्टोव्हकडे वळले होते. पण इतक्या वर्षांची सवय, पातेलं हातात घेऊन त्यांनी दारातूनच विचारलं, "पाणी किती ठेवू गं?"

बाई गॅलरीतूनच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला, "चहापुरतंच!"