लेकीमार्फत

रेश्मा आणि तिचा नवरा युवराज एकमेकांशी थेट बोलत नसत. बोलायचं ते लेकीमार्फत. "आरोही, बाबांना विचार, अजून भाकरी वाढू का?" आणि बाबा समोरच ताटावर बसलेले! गावी, वळसंगला, सासू-सासऱ्यांचंही जन्मभर असंच चाललेलं, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दिवाळीपासून मात्र युवराज ऑफिसातून आला की खाली स्कूटर लावून तिच्यावरच बसून राहायचा. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. रेश्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. हा माणूस आज जिना चढून येईल ना? विचारायला जीभ रेटत नव्हती. आणि लेकीला काय सांगणार? बाबांना विचार, जगावंसं वाटतंय का? पोरीच्या तोंडी असलं घालायचं तरी कसं!

जूनमध्ये आरोही शिकायला पुण्याला गेली आणि घर मुकंच झालं.

एका संध्याकाळी अर्ध्या तासाचा तास झाला. रेश्मा अनवाणीच खाली धावली. युवराज हँडल घट्ट धरून बसला होता. ती समोर उभी राहिली.

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. स्कूटरशेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत म्हणाला, "आरोही, आईला सांग, मला लई भीती वाटायलीय."

रेश्माही तिकडंच वळली.

"आरोही, बाबांना सांग, मलाबी. वर चला म्हणावं."