उष्टी हळद आणि भाचीची बरणी

आज दुपारी भाचीने बनवलेल्या क्रीमची बरणी मी भिंतीवर आपटून फोडली. माझ्या मुलुंडच्या घरात अजून आंबूस वास येतोय.

"मावशी, घरची साय आणि हळद आहे. प्रिझर्वेटिव्ह अजिबात नाही," असं ती कौतुकाने सांगत होती. विकायला काढणार होती म्हणे.

ऐंशीच्या दशकात आमच्या ताईचं लग्न घाटकोपरच्या चाळीत होतं. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद कोकणातून एसटीने आली. सायीत कालवलेली, डब्यात बंद, तीही मे महिन्यात. डबा उघडताच वास आला. आई म्हणाली, "उष्टी हळद कोणी टाकतं का गं?" आणि ताईला चोळून लावली.

सकाळी ताईचा गाल पुवाच्या फोडांनी भरला होता. नवऱ्याचा काका म्हणाला, "पोरगी रोगट आहे." दादाने त्याच्या तोंडावर लोखंडी खुर्ची घातली. मांडवात रक्त सांडलं, तरी लग्न लागलं.

ही भाची त्याच ताईची मुलगी. आज हे सगळं ऐकून रडत म्हणाली, "मग आईच्या गालावरचे ते व्रण देवीचे नाहीत?"

तुमच्या घरात असं काय लपवलंय, जे पोरं आता बरणीत भरतायत?