ड्वेनचे डोंगर

"हा बघ, पुन्हा उगवला," म्हणत लुएलाने पडद्यावरचा आवाजाचा पट्टा खेचून मोठा केला. सपाट रेघेच्या मधोमध हा एवढा डोंगर. तिने बटण दाबलं.

"डोळे विकून शिट्टी घेतलीस का रे, टोणग्या!"

तो डोंगर म्हणजे ड्वेन स्टुपार. आमच्या गावचा बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यात भारी पोरगा कोल, त्याचा बाप. कोलला कॉलेजच्या संघात जायचं होतं. त्यासाठी तिथल्या कोचला त्याच्या खेळाची फिल्म पाठवायची, आणि फिल्मभर बाप रेफरीचा उद्धार करतोय. असल्या बापाचं पोर कोण घेणार? शूटिंग माझंच. कॅमेरा ड्वेनच्या शेजारी लावला, कारण स्टँडमधला एकुलता एक हीटर तिथेच आहे. मिनेसोटाच्या थंडीत तुम्हीपण तिथेच बसला असता.

लुएला हाकाला साठीची. आधी शाळेची बस चालवायची. आता तळघरात बसून गावची लग्नं, बारशी, मयतं आणि हॉकी कापते-जोडते. मी शाळा सोडली तेव्हा "आता काय करणार?" असं न विचारणारी गावात ती एकटीच. तिला कोणी येडी म्हटलं तर दात पाडीन.

"अगं, सगळा आवाजच बंद कर ना," मी म्हटलं. "वर एक गाणं टाक, विषय संपला."

"गप गं. कोचला स्केटची खरखर ऐकायची असते, काठीचा ठोका ऐकायचा असतो. तुला काय कळतंय?"

मग ती एकेक शिवी कापायची, भोकात रिकाम्या रिंकचा घुमणारा आवाज भरायची, कडा अशा विरवायची की सांधा सापडू नये. पण कापलेल्या शिव्या फेकल्या नाहीत. खाली वेगळ्या पट्ट्यावर, जिथल्या तिथे ठेवल्या.

"लोणचं घालतेस का?"

"मुरू दे जरा."

ड्वेन फिल्म बघायला आला, बायकोने केलेली पोटिका, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, घेऊन. लुएलाने सुरू केली, तर नेमका खालचाच पट्टा चालू, बाकी सगळे बंद! कोल वाऱ्यासारखा पळतोय आणि ऐकू येतोय नुसता बाप.

ड्वेन आधी खूश. "कसला सुनावलाय बघ त्याला!"

तेवढ्यात पडद्यावर कोलने तिघांना चकवून गोल मारला. बाप अजून मागच्या शिट्टीवरूनच भांडत रेफरीच्या आईपर्यंत पोचलेला. मग एकदम, "आँ? गोल? कोणी मारला? कोणी मारला रे?"



"अगंबाई, चुकीचा पट्टा लागला वाटतं," म्हणत लुएलाने पोटिकेचा तुकडा तोंडात टाकला.

आमच्याकडे गोल झाला की आया गायीची घंटा वाजवतात. पुढच्या सामन्याला ड्वेन बायकोची घंटा मागून घेऊन आला. तोंड उघडलं नाही. रेफरीच दोनदा वळून बघून गेला, माणूस जिवंत आहे ना म्हणून.

कोलला घेतलं कॉलेजने. नंतर तो कोच आमच्या रिंकवर आला, तेव्हा मी तिथे चालवते ती बर्फ घासायची गाडी थांबवून विचारलंच, "लुएलाने फिल्मचा आवाज कसला भारी जमवला होता ना?"

"आवाज?" तो हसायलाच लागला. "आम्ही सगळ्या फिल्मा आवाज बंद करून बघतो. आईबापांच्या तोंडामुळे. लुएलाला ठाऊक आहे की! मीच सांगितलंय तिला, किती वर्षांपूर्वी."