आपली माणसं नसलेली शाळा

जीपमधून सात माणसं उतरली तेव्हाच मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही. प्रवेश एकीचा आणि वऱ्हाड सात जणांचं. माझ्या ऑफिसात खुर्च्या पाच. त्यातून नंदुरबारात मिरचीचा हंगाम. गावाबाहेर मिरची वाळत घातलेली असली की वारा फिरेल तिकडे ठसका पोचतो. बोलणं सुरू होण्याआधी सगळे आळीपाळीने ठसकून घेतात.

"शाळा ठरी गई, ताई," भास्कर बापू खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "तुम्ही फक्त फॉर्म भरा."

मी परदेशी शिक्षणाची काउन्सेलर आहे. कुठल्या देशात, कुठल्या कोर्सला जायचं ते सांगायचं, कागद तयार करायचे, व्हिसाची फाइल लावायची, हे माझं काम. 'तुम्ही फक्त फॉर्म भरा' हे वाक्य ऐकलं की टेबलाखाली माझा पाय हलायला लागतो.

फॉर्म वैशालीचा होता. बापूंची मुलगी. तापीकाठच्या गावात पाटलांची केळीची शेती, पोरगी बीएस्सी ॲग्री. शहाद्याकडच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे निर्यातीची केळी धुऊन, निवडून, खोक्यांत भरतात तिथे, ती क्वालिटी बघायची. फळावर नुसता हात फिरवून सांगायची, हे जहाजात टिकेल की नाही. पण परदेशी खरेदीदार व्हिडिओ कॉलवर आला की हिची दातखीळ बसायची. मग पुण्याचा साहेब उत्तरं द्यायचा, तीही हिच्याच कानात विचारून. कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं: पुढच्या हंगामापर्यंत बोलता आलं तर खरेदीदारांशी बोलण्याची जागा तुझी. नाहीतर पुण्याहून माणूस आणू.

स्पोकन इंग्लिशचे क्लास तिने नंदुरबारात केले, नाशकात केले. ग्रामर चोख. पण क्लास सुटला की जिन्यातच आमची बोली, अहिराणी, सुरू. म्हणून तिने स्वतःच शोधून काढलं की माल्टा नावाच्या बेटावर जाऊन काही महिने इंग्रजी शिकता येतं. माल्टा युरोपात आहे, तिथे इंग्रजी राजभाषा आहे आणि भाषाशाळा गल्लोगल्ली आहेत. गल्लोगल्ली आहेत म्हणूनच निवडायला अवघड.

"कुठली शाळा ठरली?" मी विचारलं.

बापूंनी नाव सांगितलं. शेजारच्या गावातली तीन मुलं तिथे आधीच होती. ह्यांनी त्या तिघांच्या घरी जाऊन चौकशी केली होती. एकाच्या आजीलाही विचारलं होतं. पोरगी द्यायची असती तरी याहून जास्त चौकशी झाली नसती.

भाषाशाळा निवडताना इमारत, फोटो, स्विमिंग पूल यांना फारसा अर्थ नसतो. मी पहिल्यांदा 'नॅशनॅलिटी मिक्स' विचारते. म्हणजे वर्गात कुठल्या देशाची किती मुलं आहेत. पाच देशांची पोरं एका वर्गात असली की त्यांना मीठ मागायलाही इंग्रजीच लागतं. एकाच गावची तीन असली की झालं, माल्टात शहादा तालुका.

हे मी बापूंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातून फोन काढला. "आते दखा," म्हणाले आणि त्या मुलांना थेट व्हिडिओ कॉल लावला.

तिघंही स्वयंपाकघरात होते. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय बापू! जेवण व्हयनं का? आमनी आते खिचडी शिजी ऱ्हायनी!"

मी फोन हातात घेऊन इंग्रजीत विचारलं, या आठवड्यात वर्गात काय शिकलात? पोरगा लाजला, हसला. "ताई, आठे तरी इंग्रजी नको. आपली बोली बोला ना."

वैशालीने माझ्या खांद्यावरून विचारलं, "दादा, वर्गमा बाजूले कोन बसस?"

"आमी तिन्ही एकच बाकवर. बाई काही बोलनी तं हाऊ माले सांगी देस, मी त्याले."

फोन बंद झाला. माझ्या मते त्या शाळेचा निकाल लागला होता. बापूंच्याही मते लागला होता.

"दखं का ताई? बठ्ठं घर मायक शे!" ते खूश होऊन म्हणाले. सगळं अगदी घरासारखं आहे.

आता हसावं की रडावं? मी पाणी प्यायले. मग दुसरी शाळा सांगितली. बेटाच्या दुसऱ्या टोकाला. ब्राझील, जपान, तुर्कस्तान, कोलंबियाची मुलं. शिक्षक चांगले, वर्ग लहान.

"तठे आपला कोन शे?"

"कोणी नाही. म्हणूनच सांगतेय."

बापूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ती नासिकले शिकाले व्हती, तवय बी तिना मामा तठे व्हता. तठे पोर आजारी पडनी तं पेलाभर पानी कोन देई?"

आमच्याकडे एकट्याने कुठे जायचं नसतं. बँकेत, दवाखान्यात, परीक्षेला, सगळीकडे सोबत लागते. बाहेरच्यांना याचं हसू येतं, मला येत नाही. माझं ऑपरेशन सुरतेला झालं तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं रेल्वेने डबे घेऊन येत होती. पण तीच सोबत भाषा शिकताना आड येते, हे बापूंना कुठल्या तोंडाने सांगणार?

तोडगा त्यांनीच काढला. "मंग आसं करा. निलेशले बी धाडा. तिना संगे, एकच शाळामा."

निलेश म्हणजे वैशालीचा चुलतभाऊ, दारात उभा होता. ही बातमी त्याला त्याच क्षणी कळली असावी, कारण तो ठसकला, आणि तो ठसका मिरचीचा नव्हता. निलेशचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बरं चाललेलं. त्याला इंग्रजी कशाला हवं, असं व्हिसा ऑफिसरने विचारलं तर तो काय सांगणार? एक आडनाव, एक गाव, एक शाळा आणि एकाला कारणच नाही. असे दोन अर्ज गेले की दोघांवरही संशय येतो. एकदा व्हिसा नाकारला की पुढच्या प्रत्येक अर्जात ते सांगावं लागतं.

"निलेशची फाइल मी लावणार नाही," मी म्हटलं.

"सुरतना एजंट दोन्हीसनी लावी देवाले तयार शे."

"मग सुरतला जा."

माझं हे असंच आहे. जीभ आधी धावते, डोकं मागून येतं. सगळे उठले. जिन्यात पावलं वाजली. वैशाली पाण्याची बाटली विसरल्याचं निमित्त करून परत आली.

"मॅडम, त्या पोरेसना शाळामा गऊ तं मी जशी शे तशीच परत येसू," ती घाईघाईने म्हणाली. खालून हॉर्न वाजला आणि ती गेली.

त्यानंतर मला चैन पडेना. वर्ग सुरू होण्याची तारीख जवळ येत होती, तिला भाषाशाळांत इन्टेक म्हणतात. व्हिसाला वेळ लागतो. इन्टेक चुकला तर हंगामाआधी कोर्स संपणार नव्हता, आणि पुण्याचा माणूस येणार होता. फोन वाजला की मी धावायचे. कधी बँकेची जाहिरात, कधी आमच्या ह्यांचा 'दूध आणशील का'. दुसऱ्यांच्या फाइली उघडून मी तशाच बंद करत होते. वैशालीला फोन करावा असं दहादा वाटलं. पण सुरतला जा म्हणणारीनेच मागून हाक मारायची, हेही जमेना.

आणि एका दुपारी बापू आले. या वेळी जीपमध्ये तिघंच: बापू, वैशाली आणि तिची आई.

"सुरतवाल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"तेनी एक बी प्रश्न इचारा नई," बापू म्हणाले. "सगळाले हो, हो, हो. सोयरीक करताना जो सगळाले हो म्हनस ना ताई, तेना घर पोर देवो नई."

मला इतका आनंद झाला की चहा सांगायलाच विसरले.

"पन माले ते घर दखाडा," ते म्हणाले. "ती जठे ऱ्हाई ते."

हे मात्र करण्यासारखं होतं. भाषाशाळांत होमस्टे असतो, म्हणजे वसतिगृहाऐवजी तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं. शाळेने वैशालीसाठी कार्मेन नावाच्या बाईंचं घर सुचवलं होतं. मी शाळेला कळवलं, मुलीच्या आईवडिलांना यजमानीणबाईंशी बोलायचंय. शाळेला नवल वाटलं. असं सहसा कोणी मागत नाही. पण कॉल जुळला. लॅपटॉपवर साठीच्या एक जाड्या बाई दिसल्या, मांडीवर मांजर.

मी घसा साफ करून 'गुड मॉर्निंग' म्हणाले, तेवढ्यात बापूंनी हात वर केला.

"तुम्ही नई ताई. तुम्ही मध्यस्थ. मध्यस्थनं बोलनं आमी धरतस नई. पोर इचारी."

वैशालीचा चेहरा पांढरा पडला. पॅकहाऊसमध्ये व्हायचं तेच. समोर गोरी बाई, बाजूला सगळे कान लावून बसलेले, आणि हिचा आवाज गायब.

"इचार, घरमा कोन कोन शे?"

वैशालीने तोंड उघडलं. बंद केलं. माझा पाय टेबलाखाली टकटक करायला लागला. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी जीभ दाताखाली धरली. आयुष्यात इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

"हाऊस... इन हाऊस... हू इज देअर?" ती म्हणाली.

बाई हसल्या. मी आणि हे मांजर, म्हणाल्या. मुलगा जर्मनीत असतो. वैशालीने ते बापूंना सांगितलं.

"रातले दार कोन लावस?"

तेही तिने विचारलं. मग स्वयंपाकात मांस-मच्छी वेगळ्या भांड्यात करतात का. मग शेजारी कोण राहतं. वाक्यं मोडकी, पण एकामागून एक जायला लागली. बापू वकिलासारखे प्रश्न काढत होते आणि तिला घाबरायला फुरसतच नव्हती.

"आते इचार. आजारी पडनी तं?"

"इफ आय सिक... व्हॉट यू डू?"

डॉक्टर गल्लीच्या टोकालाच आहे, कार्मेनबाई म्हणाल्या. मी सूप करीन. तिच्याजवळ बसेन. माझा मुलगाही परमुलखात कुणाच्या तरी घरी राहिला होता. हे वैशालीने एका दमात अहिराणीत सांगितलं.

तोपर्यंत एक शब्दही न बोललेली तिची आई पुढे सरकली. "तिले इचार, पोऱ्यानी याद येस का तिले?"

हे विचारताना वैशाली अडखळली नाही. कार्मेनबाईंनी मांजराच्या पाठीवरचा हात थांबवला. म्हणाल्या, रविवारी टेबल लावताना अजूनही दोनच ताटं काढते, मग एक परत ठेवते.

आईने ते ऐकलं आणि मान हलवली. "मंग देई ती पानी," एवढंच म्हणाली.

कॉल संपला. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच बापू माझ्याकडे वळले.

"आते माले एक सांगा ताई. हिले तं इंग्रजी येस! मंग जावानं कसाले?"

मी कपाळावर हात मारला. पण माझ्याआधी वैशाली बोलली.

"बापू, आज तुम्ही बाजूले व्हतात म्हनीसन बोलनू. कंपनीमा तुम्ही नई ऱ्हाशात. तठे माले एकलीले बोलनं शे."

मला वाटतं, तिची भीती बापूंना त्या दिवशीच पहिल्यांदा समजली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भरा फॉर्म."

व्हिसा मिळाला. निलेश दुकानात राहिला आणि त्याने मला पेढे पाठवले.

पुढचं सगळं गोड झालं असं मात्र नाही. सुरुवातीला पोरगी रोज संध्याकाळी फोनवर रडायची, आणि दुसऱ्या दिवशी बापू माझ्यासमोर येऊन बसायचे. "तुम्ही आमनी पोर रडावी," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. मी वरून धीर द्यायचे आणि आतून पोखरून निघायचे. चूक झाली असेल तर? एका रविवारी ती तीन मुलं बस पकडून तिला खिचडी देऊन आली. तेवढी सोबत तिला असावी, असं मलाही वाटत होतं.

मग एक दिवस बापू धापा टाकत आले. "कवयना फोन करी ऱ्हायनू, उचलत नई! कालबी उचला नई!"

मी घाबरले. शाळेला मेसेज केला, कार्मेनबाईंना केला. उत्तर आलं: वर्गातल्या एका जपानी आणि एका ब्राझीलच्या मुलीबरोबर समुद्रावर गेली आहे, फोन घरीच विसरली. कालही त्यांच्याबरोबरच होती.

"बापू," मी म्हटलं, "कोर्स आता सुरू झाला."

वैशाली हंगामाच्या तोंडावर परतली. खरेदीदारांशी तीच बोलते. इंग्रजी अजून अधूनमधून मोडकंच, पण भाव पाडणाऱ्याला ती सरळ नाही म्हणते. पुण्याहून माणूस आला नाही.

माझ्यापुरता धडा असा. पोरगी रोज फोन करते म्हणून पालक खूश असले की मी त्या शाळेची पुन्हा चौकशी करते. फोन उचलत नाही म्हणून भांडायला आले की चहा मागवते.