डावीकडची खुर्ची

आमच्या थोरल्या जाऊबाई बाटल्यांच्या एका कारखान्यात मोठ्या साहेबांच्या पीए आहेत. त्याच कार्यालयात मी टेलिफोनवर बसते. मी त्यांना ताई म्हणते. बाकीचे त्यांच्या पाठीमागे ‘चाळणी’ म्हणतात, कारण त्यांच्यातून गाळल्याशिवाय साहेबांपर्यंत माणूस काय, चहाचा कपसुद्धा पोचत नाही. हे नाव ताईंच्या कानावर आहे. “असू दे गं, खडे तरी अडतात,” म्हणतात.

पत्रं टाइप करायची आणि भेटीच्या वेळा जुळवायच्या, एवढंच पीएचं काम, असं मला आधी वाटायचं. साहेबांनी तावातावाने सांगितलेलं पत्र ताई लगेच टाइप करतात, पण सहीला नेतात ते जेवणं झाल्यावर. रडवेला चेहरा घेऊन कोणी आलं, तर त्याला आधी पाणी देतात, मग आत सोडतात. आणि आतलं बाहेर एक अक्षर नाही. घरी एकाच ओट्याशी आम्ही दोघी राबतो, पण साहेबांच्या खोलीतलं काही भाजीच्या फोडणीबरोबरसुद्धा कधी बाहेर आलं नाही.

साहेबांना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. आता ते कानात यंत्र लावून उजळ माथ्याने फिरतात, म्हणून लिहायला हरकत नाही. तेव्हा मात्र त्यांनी हे घरच्यांनाही सांगितलं नव्हतं, ताईंना तर नाहीच. पण ताईंनी कोणाच्या लक्षात येणार नाही अशी सगळी खोलीच फिरवली होती. टेलिफोन उजवीकडे आला. भेटायला येणाऱ्याची खुर्ची उजवीकडे गेली. डाव्या अंगाला फायलींचं कपाट आणून ठेवलं, म्हणजे तिकडून कोणी बोलायलाच नको. मी शेजारच्याच टेबलावर, पण मला पत्ता नाही.

मग भागीदारांची बैठक ठरली. साहेब थकले, आता कारभार पुतण्याकडे द्यावा, असं काहींच्या मनात होतं. निर्णय होता सगळ्यांत ज्येष्ठ भागीदाराच्या हातात. त्या आजी होत्या, आणि त्यांचा आवाज इतका बारीक की टेलिफोनवर मलाही ‘काय म्हणालात?’ विचारावं लागे. साहेबांना त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, तर खुर्ची गेलीच म्हणून समजा.

नवे व्यवस्थापक हौशी. त्यांनी बैठकीची खोली स्वतः लावली आणि मानाची जागा म्हणून आजींची खुर्ची नेमकी साहेबांच्या डावीकडे मांडली. मी पेले ठेवत होते. ताई आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

“आजींना या बाजूला घेऊ या,” त्या म्हणाल्या. “तिकडे ऊन येतं.”

व्यवस्थापकांनी सर्रकन पडदा ओढला. “गेलं ऊन! ताई, एवढी एक खोली तरी माझ्याकडे राहू द्या. इथेही चाळणी लावायची का?”

ताई नुसत्या हसल्या. खरं कारण सांगावं तर साहेबांचं गुपित फुटणार. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताईंनी पाण्याचा जग उचलला, आणि पुढच्या क्षणी सगळं पाणी त्या डावीकडच्या गादीच्या खुर्चीवर! मी त्यांच्या मनगटाकडेच बघत होते. नळ फिरवावा तसं त्यांनी ते शांतपणे फिरवलं होतं.

साहेब पाहुण्यांना घेऊन दारातच उभे. “काय हे! आजच्या दिवशी? इतक्या वर्षांत एक जग धरता येईना तुम्हाला?”

पुतण्या गालातल्या गालात हसला. मला धरणी दुभंगावी असं झालं.

“चुकलं, साहेब,” ताई म्हणाल्या. त्यांनी आजींचा हात धरून त्यांना उजवीकडच्या कोरड्या खुर्चीवर नीट बसवलं आणि पदर सावरून बाहेर आल्या.

दाराच्या काचेतून दिसत होतं: आजी विचारत होत्या, साहेब उजवा कान पुढे करून उत्तरं देत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई आपल्या टेबलाशी पाकिटं चिकटवत बसल्या. मला देव आठवला. तोही आपली व्यंगं बघतो, झाकतो आणि वर आपलीच बोलणी खातो.

बैठक संपली. कारभार साहेबांकडेच राहिला. पाहुणे गेल्यावर साहेब ताईंच्या टेबलाशी आले.

“पाणी मुद्दाम सांडलंत?”

“हात निसटला, साहेब.”

साहेबांनी आपल्या उघड्या दारातून आत पाहिलं. टेलिफोन, खुर्ची, कपाट.

“आणि हा हात कधीपासून निसटतोय?”

ताईंनी मान खाली घातली. “कपाट हलवलं तेव्हापासून.”

साहेब आपल्या खोलीकडे निघाले. दारापर्यंत गेले आणि वळले. “कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या.”

“घेऊन ठेवलीय, साहेब. उद्या सकाळची.”

संध्याकाळी ओट्याशी मी विचारलंच, “ताई, चारचौघांत एवढं बोलले, राग नाही आला तुम्हाला?”

“भाजी लागतेय बघ,” त्या म्हणाल्या. “आधी गॅस बारीक कर.”

मी गॅस बारीक केला. मनात मात्र, देवापुढे जोडते तसे हात जोडले.