तीन शिफ्टचं पाणी

मी बढाया मारतो असं लोक म्हणतात. साफ खोटं. घडलेली गोष्ट मी फक्त जरा खतपाणी घालून सांगतो. पण त्या सवयीनं एकदा माझाच गळा धरला.

निगडीहून चाकणला कंपनीच्या बसनं जायचं म्हणजे ट्रॅफिक असलं तर वाटेत दाढी पुन्हा उगवते. तेवढ्या वेळात मी बसला माझ्या गॅलरीतली बाग फिरवून आणायचो. आमचा कढीपत्ता असा माजलाय की वरच्या मजल्यावरच्या वहिनी खिडकीतून हात घालून फोडणीपुरता तोडतात. एकदा महापालिकेचा माणूस उद्यान समजून फाटकावर वेळापत्रक लावायला आला होता. आणि ऑर्किड? "ऑर्किड तर माझा आवाज ऐकून फुलतं, भावा!" वस्तुस्थिती अशी की गॅलरीत एक मनीप्लँट आहे, आणि तोही शेजाऱ्यांच्या रेलिंगवरून आमच्यात आलेला.

पुढच्या सीटवर आमच्या क्वालिटी हेड मॅडम हे सगळं ऐकत होत्या.

पाडव्यानंतर त्यांना सहा महिन्यांसाठी कंपनीच्या परदेशातल्या प्लांटवर पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या टेबलावरचं ऑर्किड आणून माझ्यासमोर ठेवलं. निळी चिनीमातीची कुंडी, चार पानं, वाकलेल्या दांडीवर पाच जांभळी फुलं.

"माझ्या आईनं दिलेलं शेवटचं झाड आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही. दसऱ्याला येईन."

आता त्यांना मनीप्लँटची हकिगत कशी सांगणार? मी कुंडी घेतली.

बावीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. मॅडमनीच आम्हाला शिकवलेलं, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. म्हणून मी झाड लाईनशेजारच्या खिडकीशी ठेवलं आणि शेजारी चेकशीट टांगली. पहिली, दुसरी, तिसरी शिफ्ट, रकाना 'पाणी घातले', पुढे सही.

आमची माणसं शिस्तीची. एकही रकाना रिकामा गेला नाही. पहिली शिफ्ट एक मग, दुसरी एक मग, तिसरी झोप उडवायला तोंडावर मारून उरलेलं. महिन्याभरात एवढं पाणी गेलं की पवना धरणाची पातळी खाली आली असणार. फुलं गळाली. दोन पानं पिवळी होऊन हातात आली, उरलेली दोन वाळत घातलेल्या मोज्यांसारखी लोंबत राहिली. झाडाकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे शीट बघत होते. आणि शीट शंभर टक्के ओके होती.

तिकडून मॅडमचा मेसेज यायचा, "कसं आहे?" मी लिहायचो, "सहावं फूल आलं." पुढच्या आठवड्यात सातवं.

"फोटो पाठवा ना!"

"शॉपफ्लोअरवर कॅमेऱ्याला बंदी आहे मॅडम. नियम तुमचाच."

नऊ फुलांवर आल्यावर मलाच घाम फुटला आणि मी थांबलो.

रावेतला हायवेकडेला एक नर्सरी आहे. एका रविवारी झाड पिशवीत लपवून तिथं गेलो. बेत सोपा होता. याचं जुळं शोधायचं, निळ्या कुंडीत बसवायचं आणि तोंड मिटायचं. नर्सरीच्या मालकीणबाई जुन्या गावकरी, माती झटकत पुढे आल्या. मी फुलांनी लगडलेलं एक झाड उचललं.

"हे द्या, काकू."

"त्येच का?"

"क्वालिटीत बावीस वर्षं काढलीत. नजर आहे आपली."

"आसंल," म्हणत त्यांनी झाड बुडाशी धरून हलवलं. ते ढिल्या नटासारखं डुगडुगलं. "मरतं झाड बी फुलतं, दादा. फुलं बघू नका, बूड बघा."

मग त्यांनी एकही फूल नसलेलं दुसरं झाड उचललं. पारदर्शक कुंडीत मुळं बोटासारखी टणक, रुपेरी. पाणी शिंपडताच बघता बघता हिरवी झाली. पानं ताठ आणि पोपटी. "काळपट हिरवं पान म्हंजी उजेड कमी. सुरकुतलं तर खाली मूळ न्हाई. ह्ये झाड निरोगी हाय."

म्हणजे मी उचललेलं फुलांचं झाड रिजेक्ट माल होतं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी तसला माल इतक्या हौसेनं पास केला होता.

"आन पिशवीत काय लपिवलंय?"

मी काढून दिलं आणि महिनाभराच्या पाण्याची हकिगत सांगितली. कुंडी उपडी करताच गटाराचा वास आला. काकूंनी कात्री ज्योतीवर धरली आणि मुळं दाबून दाबून बघू लागल्या. मऊ, पोकळ लागलं की कचकन कापायचं. शेवटी दोन मुळं उरली.

"ह्ये येका महिन्याचं काम न्हाई. लई आधीपासनं सडलंय."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. म्हटलं, बाई माझी समजूत काढतायत.

कापल्या जागी दालचिनीची पूड लावून, सालीच्या तुकड्यांत आणि कोळशात त्यांनी ते भोकं पाडलेल्या पारदर्शक कुंडीत बसवलं. "मुळं पांढरट दिसली तरच पानी. तवर हात लावायचा न्हाई."

"आणि ते निरोगी झाड?"

"न्हाई देत. आदी ह्ये जगवा."

जगवण्यापेक्षा तीन शिफ्टना थांबवणं अवघड होतं. मी नवी शीट छापली. रकाना होता 'पाणी घातले नाही'.

दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर भांडायला आला. "राव, काहीच केलं नाही तर सही कशाची करू?"

"न केल्याची कर!"

आठवड्यातून एकदा, मुळं रुपेरी पडली की, मी स्वतः पाणी द्यायचो आणि शीटवर लाल शाईनं लिहायचो. ऑगस्टमध्ये एका मुळाला हिरवं टोक फुटलं. त्या आनंदात मी लाईन बंद पाडली असं लोक सांगतात. लाईन फक्त अकरा सेकंद थांबली होती.

मॅडम आल्या त्या खंडेनवमीला. सगळ्या मशीनना झेंडूचे हार, आणि कोणा भल्या माणसानं ऑर्किडलाही एक अडकवलेला.

"नऊ फुलं कुठायत?"

माझी गोष्ट तयार होती, तिच्यात एक माकडही होतं. पण मॅडमनी हार काढून कुंडी खिडकीच्या उजेडात धरली. तीन पानं, त्यांतलं एक कोवळं. मुळं पाच. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हे माझं झाड नाही."

"मॅडम, तेच आहे!"

"तुम्ही बदललंत. माझ्या झाडाला चांगली मुळं राहिलीच नव्हती." आवाज खाली आला. "आईचं झाड मी पाणी घालघालून संपवलं होतं. माझ्यासमोर मरू नये म्हणून तुमच्या गळ्यात मारलं."

म्हणजे काकू खरं बोलल्या होत्या! आणि मी शपथेवर खरं बोलत असताना मॅडम म्हणत होत्या, "तुमची शपथ राहू द्या हो."

मी धावत जाऊन चेकशीटची फाईल आणली. त्या उभ्यानंच वाचत गेल्या. पहिला महिना: घातले, घातले, घातले.

"रोज तीनदा?"

"हो."

"म्हणजे सहावं फूल..."

"नव्हतं. पाच होती, तीही गळाली."

पुढे पाच महिने: घातले नाही, घातले नाही, घातले नाही. आठवड्यातून एक लाल ओळ. मॅडमनी एकेक पान उलटलं. शेवटी खिशातलं पेन काढून त्या दिवशीच्या रकान्यात, 'पाणी घातले नाही' पुढे, सही केली. कोवळ्या पानावर बोट ठेवलं आणि कुंडी माझ्याकडे सरकवली.

"तुमच्याकडेच राहू दे. माझा हात अजून मगाकडे जातो."

संध्याकाळच्या बसमध्ये मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. दोन मुळं उरली होती, नवीन तीन आली, फूल एकही नाही. मागून आवाज आला, "तीनच? राव, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"