पुंजाजीचा बिबट्या

डोंगरकड्याच्या पुंजाजीनं लहानपणी मारलेला ससा त्याच्या वयाबरोबर वाढत गेला. पुंजाजीला मिसरूड फुटलं तेव्हा सशाचं रानडुक्कर झालं, लेकीच्या लग्नात तडस झालं, आणि नात आरोही नववीत गेली त्या साली चहाच्या हॉटेलात त्याचा थेट बिबट्या झाला.

"अकरा वर्साचा होतो. बापाची भरमार बंदूक उचलली अन् ठो! कातडं अजून माळ्यावर हाय," असं तो छाती फुगवून सांगे.

आरोहीनं आबाची ही शिकार मोबाइलवर व्हिडिओ करून घेतली आणि इंटरनेटवर टाकून दिली. दोन दिवस आबा हवेत होते. तिसऱ्या दिवशी वनरक्षक शीतल मॅडम दारात उभ्या राहिल्या.

"आजोबा, कातडं काढा बरं."

माळ्यावरून एक कुरतडलेलं घोंगडं निघालं. पुंजाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, म्या काईच न्हाई मारलं ओ! आजपस्तोर चिमनी बी न्हाई!"

"साक्षीदार आहे कुणी?"

होता एक. तांड्यावरचा अमरसिंग. पन्नासहून अधिक वर्षांत ज्या तांड्याकडे पुंजाजीनं पाऊल टाकलं नव्हतं, तिकडे तो मॅडमला अन् नातीला घेऊन जवळजवळ पळतच गेला.

अमरसिंग अंगणात शेंगा फोडत बसला होता.

"अमरसिंगभाऊ," आयुष्यात पहिल्यांदाच पुंजाजी त्याला भाऊ म्हणाला, "मला बंदूक चालवता येत नव्हती, येवढं सांग मॅडमला."

"काहून? बिबट्या मारला म्हन्ते ना तू?"

"जेल होईल रे!"

अमरसिंगनं शेंगा बाजूला सारल्या. "मॅडम, ससा व्हता. तोबी माह्या गोफनीनं पडला. ह्यानं बार काढला तसा बंदुकीचा दणका खांद्यात बसला अन् हा तुरीत उताना. छर्रे गेले शेजारच्या पाटलाच्या बैलाच्या पुठ्ठ्यात."

"बैल ठिपक्याठिपक्याचा असंल," अमरसिंगची बायको जिवनबाई आतून म्हणाली. जमलेला तांडा खो खो हसला. पुंजाजीही हसला, सुटलो, असं त्याला वाटलं.

अमरसिंग हसला नाही. "बैलाला छर्रे तांड्यावाल्यानंच मारले म्हून माह्या बापाला चावडीवर बांधून झोडपलं. तांड्याच्या मानसापाशी बंदूक कुठून आली, हे कोनी विचारलं न्हाई. हा तिथंच हुबा व्हता, मायच्या लुगड्यामागं. आन् ससा ह्याच्या घरी शिजून राहिला व्हता."

"खरं आहे, आजोबा?" मॅडमनं विचारलं.

नाही म्हणावं तर बिबट्या मानगुटीवर, हो म्हणावं तर नात समोर. पुंजाजीनं दोन्ही तोलून पाहिलं. जेल जड निघाली.

"व्हय. बराबर हाय."

सत्तावन्न वर्षांनी खरं बोलला, तेही वनखात्याच्या धाकानं. मॅडमनं जबाब लिहिला, 'यांनी कधीही काहीही मारलेले नाही.' पुंजाजीनं घाईघाईनं सही ठोकली आणि अमरसिंगपुढं हात जोडले. "चुकलं भाऊ."

"मला काहून सांगतो? बाप गेला माहा," अमरसिंग म्हणाला अन् पुन्हा शेंगा फोडू लागला.

परतीच्या वाटेवर आरोहीनं विचारलं, "आबा, त्यांच्या वडलांचं नाव काय होतं?"

पुंजाजी आठवू लागला. बैलाचं नाव लगेच आठवलं, ढवळ्या. माणसाचं काही केल्या आठवेना.